सच्चालिक : तालपुटसुत्त आणि ब्रह्मदेशातील प्रसारमाध्यमे

संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गात ‘गामणिसंयुत्त’ नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. निरनिराळ्या समूहांचे प्रमुख, म्हणजे ‘गामणी’, भगवान बुद्धांकडे येऊन आपापल्या व्यवसायाविषयी प्रश्न विचारतात, असा त्याचा विषय. त्यातील दुसरे सुत्त तालपुट या नटप्रमुखाचे आणि त्याला लागून असलेले तिसरे सुत्त एका योद्ध्यांच्या प्रमुखाचे आहे. रंगमंच आणि रणांगण ही दोन स्थळे संगीतिकारांनी शेजारी शेजारी का ठेवली, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो विचार दूरचित्रवाणी व तिच्या पाठोपाठ आलेल्या माध्यमांच्या संदर्भात करावयाचा आहे.

तालपुटाचा प्रश्न असा : रंगमंचावर लोकांना हसविणारा व रमविणारा नट मृत्यूनंतर हास्यप्रिय देवांच्या लोकात जन्म घेतो, असे आमच्या पूर्वाचार्यांकडून ऐकले आहे; भगवंतांचे मत काय? तथागत त्याला दोनदा थांबवितात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की प्रेक्षक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे तीच बंधने घट्ट करणारी सामग्री मांडतो. स्वतः धुंद होऊन इतरांना धुंद करतो. अशा नटाची गती देवलोकाची नव्हे, नरकाची आहे. पुढच्या सुत्तात योद्ध्यांचा प्रमुख तसाच प्रश्न विचारतो व त्याला तसेच उत्तर मिळते. इतरांचा वध व्हावा या हेतूने ज्याचे चित्त ग्रासलेले आहे, तो लढता लढता मेला तर स्वर्गाला जातो, ही मिथ्यादृष्टी होय.

तालपुटसुत्तात नटाच्या साधनाला एक नाव दिले आहे. तो ‘सच्चालिका’ने लोकांना रमवितो. सच्च म्हणजे सत्य, अलिक म्हणजे असत्य, दोहोंचा समास. भाषांतरकार ‘खऱ्याखोट्याने’ असे म्हणून पुढे जातात. परंतु प्रचार या आधुनिक घटनेला इतके नेमके नाव दुसरे सापडणार नाही, असे माझे मत आहे. प्रचार म्हणजे खोटे बोलणे, ही समजूत अपुरी आहे. निव्वळ खोटे लवकर उघडे पडते. सत्याच्या आधाराने उभे केलेले खोटे मात्र टिकते, कारण त्यावर शंका घेणाऱ्याला आधी त्यातील सत्य नाकारल्यासारखे वाटते. या मिसळीची रीत कशी असते, हे ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, उदाहरणावरून पाहू.

हे उदाहरण निवडण्याला कारण आहे. देवनागरीत त्रिपिटक वाचणाऱ्या आपल्या अभ्यासकांच्या हाती जो पाठ आहे, तो मुख्यत्वे रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठसंगायनाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनलाच गेले होते. ज्या देशाने आपल्याला ग्रंथ दिला, त्याच देशात त्या ग्रंथाचे शब्द पडद्यावर कसे वापरले गेले, हे पाहणे पालीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. हे काम अप्रिय आहे. पण ते परक्यांनी करावे आणि आपण गप्प राहावे, हे अधिक अप्रिय आहे.

पडद्यावरील दान

ब्रह्मदेशात १९८८ साली लष्कराने सत्ता हाती घेतली. १९९० च्या मे महिन्यात निवडणूक झाली, ती विरोधी पक्षाने जिंकली आणि लष्कराने निकाल अमलात आणला नाही. त्यानंतरच्या काळात सरकारी दूरचित्रवाणीवर एक दृश्य नित्याचे झाले : सेनापती विहारात जात आहेत, स्थविरांपुढे नतमस्तक होत आहेत, चीवर व पिंडपात अर्पण करीत आहेत, चैत्यावर सुवर्णछत्र चढवीत आहेत. १९९५ साली लष्कराची स्वतःची ‘म्यावडी’ ही दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली.

या दृश्यांत खोटे काय होते? काहीच नव्हते. दान खरोखर दिले जात होते, स्थविरही खरे होते. असत्य होते ते दृश्याने न बोलता सुचविलेल्या निष्कर्षात : जो दान देतो तो धर्मराज, आणि जो धर्मराज त्याला मतपेटीची गरज नाही. शब्दांत मांडला असता तर या विधानाला कोणीही उत्तर दिले असते. चित्राला उत्तर देता येत नाही. ते केवळ रोज पाहिले जाते. लेखी शब्द आणि दूरचित्रवाणी यांच्या प्रचारशक्तीत जो भेद आहे, तो येथे आहे.

हे चित्र भिक्खूंनी स्वतःच उलटविले. ऑगस्ट २००७ मध्ये इंधनाचे दर एकाएकी वाढले. ५ सप्टेंबरला पखोक्कू येथे निदर्शने करणाऱ्या भिक्खूंना मारहाण झाली. लष्कराने क्षमा मागितली नाही, तेव्हा भिक्खूंनी ‘पत्तनिक्कुज्जन’ कम्म जाहीर केले, म्हणजे लष्कराच्या दानापुढे पात्र उपडे केले. विनयातील या कम्माची मूळ कथा येथे आठवण्यासारखी आहे. चुल्लवग्गात ती वड्ढ लिच्छवीची आहे. दुसऱ्यांच्या चिथावणीवरून त्याने दब्ब मल्लपुत्त या थेरांवर खोटा आळ घेतला होता. पात्र उपडे करण्याचा विधी प्रथम सांगितला गेला तो पढविलेल्या कुभांडाविरुद्ध. दूरचित्रवाणीवरील दानाचे महत्त्व ज्या घेण्यावर उभे होते, ते घेणेच थांबले आणि दृश्याचा अर्थ नाहीसा झाला.

मग माध्यमांनी दुसरा मार्ग धरला. रस्त्यावरील भिक्खू ‘बनावट’ आहेत, असे सरकारी माध्यमे सांगू लागली. ओस्लो येथून प्रसारण करणाऱ्या ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ या संस्थेचे वार्ताहर लहान कॅमेरे लपवून चित्रण करीत व ते देशाबाहेर पाठवीत. तेच चित्रण उपग्रहाद्वारे परत देशात दिसे. २७ सप्टेंबर २००७ रोजी केंजी नागाई हे जपानी छायाचित्रकार रंगूनच्या रस्त्यावर गोळी लागून मरण पावले, तेही कॅमेऱ्यात नोंदले गेले. दूरचित्रवाणी हे यंत्र स्वभावतःच असत्याचे वाहक आहे, असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

ध्वनिमुद्रित प्रवचन

२०१२ नंतर चित्र पालटले. पूर्वपडताळणी सैल झाली, वृत्तपत्रे मोकळी झाली आणि त्याच मोकळिकीत ‘९६९’ या नावाची चळवळ वाढली. हा आकडा बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण दर्शवितो. प्रत्येक बौद्ध उपासकाच्या नित्यवंदनेतील ही गुणसंख्या दुकानांवर चिकटविण्याचे चिन्ह झाली, आणि अमुक दुकानातून घ्या, अमुक धर्मीयाच्या दुकानातून घेऊ नका, असा तिचा अर्थ झाला. गुण खरे, संख्या खरी. विनियोग मात्र द्वेषाचा. सच्चालिकाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण.

या चळवळीचे प्रमुख प्रवक्ते भिक्खू विराथू यांची प्रवचने ध्वनिचित्रफितींच्या तबकड्यांवरून गावोगाव पोहोचली. मार्च २०१३ मध्ये मेइक्तीला येथे झालेल्या हिंसाचारात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच नगरात भिक्खू विथुद्ध यांनी आपल्या विहारात शेकडो मुसलमानांना आश्रय दिला आणि दारात आलेल्या जमावाला अडविले. पहिल्या भिक्खूचे नाव जगाला ठाऊक आहे, दुसऱ्याचे फारच थोड्यांना. हा दोष केवळ ब्रह्मी माध्यमांचा नाही. त्या वर्षी पहिल्याचे चित्र मुखपृष्ठावर छापणारे आंतरराष्ट्रीय साप्ताहिकही त्यातून सुटत नाही.

मार्च २०१७ मध्ये देशाच्या संघमहानायक समितीने विराथू यांना एक वर्ष प्रवचनबंदी केली. तेव्हा ते तोंडावर पट्टी चिकटवून व्यासपीठावर बसले आणि त्यांची जुनी ध्वनिमुद्रित प्रवचने श्रोत्यांना ऐकविण्यात आली. विनयाच्या दृष्टीने हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. विनय बोलणाऱ्या व्यक्तीला बांधतो. ती व्यक्ती मौन पाळीत असताना तिचा आवाज बोलत राहील, ही शक्यता विनयकारांपुढे नव्हती. मुसावाद, पिसुणवाचा, फरुसवाचा व सम्फप्पलाप या चार वाचादोषांची चर्चा करताना आपण अजूनही जिवंत जिव्हेचीच कल्पना करतो. यंत्रातील आवाजाचे कम्म कोणाचे, हा प्रश्न आपल्या विनयाभ्यासकांनी हाती घ्यावयास हवा.

तबकडीनंतर दूरध्वनी आला. ब्रह्मदेशात एके काळी सिमकार्डाला हजार डॉलरांहून अधिक पडत. २०१४ साली परदेशी कंपन्या आल्या आणि किंमत सुमारे दीड डॉलरवर उतरली. वृत्तपत्रवाचनाची सवय रुजण्यापूर्वीच समाज फेसबुकवर येऊन पोहोचला. २०१५ च्या आरंभी त्या कंपनीत आक्षेपार्ह मजकूर तपासणारी ब्रह्मी भाषा जाणणारी माणसे अवघी दोन होती. पुढे २५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘अर्सा’ या सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने केलेल्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आश्रयाला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली द्वेषप्रसारातील फेसबुकच्या वाट्याचा स्पष्ट उल्लेख केला. २७ ऑगस्ट २०१८ रोजी कंपनीने अठरा खाती व बावन्न पृष्ठे काढून टाकली. त्यांचे अनुयायी सुमारे एक कोटी वीस लाख होते. बंदी घातलेल्यांत सरसेनापती होते आणि म्यावडी वाहिनीही होती. जुने माध्यम व नवे माध्यम यांचा उगम एकच होता, हे त्यावरून दिसते.

त्याच वर्षी ब्रह्मी लष्कराच्या ‘जनसंपर्क व मानसशास्त्रीय युद्ध’ विभागाने या प्रश्नावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. रॉयटर वृत्तसंस्थेने त्यातील छायाचित्रांची छाननी केली. मृतदेहांजवळ उभा असलेला मनुष्य दाखवून ‘बंगाल्यांनी केलेली स्थानिकांची हत्या’ म्हणून छापलेले चित्र १९७१ च्या ढाक्यातील निघाले. इंग्रजी राजवटीतील घुसखोरी म्हणून छापलेले धूसर चित्र १९९६ साली टांझानियात काढलेले रवांडाच्या निर्वासितांचे रंगीत छायाचित्र होते. ते मुद्दाम जुनाट केले होते. लष्कराने पुढे आपल्या दैनिकातून दोन चित्रांच्या ‘चुकी’बद्दल क्षमा मागितली. येथेही सूत्र तेच : छायाचित्रे खरी, माणसे खरी, दुःख खरे, केवळ मथळा खोटा.

दीड माणसाची कथा

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी, निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडत असताना, सितगू सयाडो या नावाने प्रसिद्ध असलेले भदन्त ञाणिस्सर यांनी कायिन प्रांतातील एका लष्करी छावणीत अधिकाऱ्यांपुढे प्रवचन दिले. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. भदन्त हे सामान्य प्रवचनकार नव्हेत. नेत्ररुग्णालये व पाणीपुरवठा योजना उभारणारे, पालीचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती आहे. म्हणूनच त्यांनी निवडलेला उतारा तपासला पाहिजे.

तो उतारा महावंसाच्या पंचविसाव्या परिच्छेदातील आहे. सिंहली राजा दुट्ठगामणी युद्धात एळार या चोळ राजाला मारून विजयी होतो. पण झालेल्या संहाराने त्याला झोप येत नाही. पियंगुदीपाहून आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात, की मारले गेलेल्यांत माणसे अवघी दीड होती : एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला; बाकीचे मिथ्यादृष्टी, पशुतुल्य. सैनिकांपुढे ही कथा सांगितल्यावर तिचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

या कथेविषयी पालीच्या अभ्यासकाने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली, महावंस हे बुद्धवचन नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास महानाम थेरांनी रचलेला तो राजवंशाचा इतिहास आहे, आणि ज्या राजाची ही कथा आहे तो त्याच्या कित्येक शतके आधीचा. श्रोत्याला मात्र पाली ऐकू येते, कासायवस्त्र दिसते आणि ‘अर्हत’ हा शब्द कानी पडतो. त्याच्यासाठी ते बुद्धवचनच ठरते.

दुसरी, त्याच महावंसात एळाराविषयी जे आहे ते सांगितले जात नाही. एकविसाव्या परिच्छेदात हा परधर्मीय राजा न्यायी म्हणून गौरविला आहे. त्याच्या शय्येशी घंटा होती आणि तिची दोरी कोणीही पीडिताने ओढावी अशी सोय होती. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले, तेव्हा त्याने स्वतःच्या पुत्राला मृत्युदंड दिला. पंचविसाव्या परिच्छेदातच दुट्ठगामणी शत्रूचा सन्मानाने अंत्यसंस्कार करतो, तेथे चैत्य उभारतो आणि पूजेचा नियम घालून देतो; पुढील राजे त्या स्थळाजवळून जाताना वाद्ये बंद ठेवीत, अशीही नोंद आहे. मारलेला जर पशू होता, तर त्याचा चैत्य कशासाठी? ग्रंथकाराच्या मनातील हा ताण प्रवचनात नाहीसा होतो. उताऱ्यातील एकही शब्द खोटा न सांगता, शेजारची पाने न उघडता, असत्य निर्माण झाले.

तिसरी, निकाय याच्या विरुद्ध आहेत. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त तृण, कीटक, पशू व पक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे मोजून दाखविते आणि मनुष्यात तशी चिन्हे नाहीत असे सांगते. ‘अर्धा मनुष्य’ ही गणना त्या सुत्ताला ठाऊकच नाही. भिक्षूने शस्त्र हाती असलेल्याला धर्म सांगू नये, असा सेखिय नियम आहे. सेना पाहावयास जाणे, सेनेत तीन रात्रींहून अधिक राहणे यांवर पाचित्तिय नियम आहेत. हे नियम संघ आणि सेना यांच्यात अंतर राखतात. आणि योद्ध्याच्या प्रश्नाला तथागतांनी दिलेले उत्तर आपण आरंभी पाहिलेच. आठ अर्हतांनी दिलेले सांत्वन शास्त्याने दिलेले नाही.

एक आक्षेप

यावर असे म्हटले जाते, की ही सारी टीका पाश्चात्त्य माध्यमांची आहे आणि तीही प्रचारच आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी रोहिंग्यांवरील अत्याचारांची म्हणून जी छायाचित्रे प्रसृत केली, ती अन्यत्रची निघाली व त्यांना ती काढून टाकावी लागली. अर्साने हिंदू ग्रामस्थांची हत्या केल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ साली नोंदविले आहे. ते विसरण्याचे कारण नाही. परंतु एका बाजूच्या असत्याने दुसऱ्या बाजूचे असत्य सत्य होत नाही. शिवाय येथे आपण कोणा परक्या वृत्तसंस्थेच्या आधाराने दोष दाखवीत नसून, महावंसाची पाने उघडून दाखवीत आहोत. हे काम कोणत्याही राजधानीतून आलेले नाही. ते ग्रंथालयातले काम आहे.

कसोटी

अशा चर्चेच्या शेवटी कालामांना केलेल्या उपदेशाचे नाव घेऊन थांबण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. तो उपदेश थोर आहे; पण ‘ऐकीव मानू नका’ एवढाच त्याचा सारांश करून आपण त्यालाही घोषणा बनविले आहे. प्रस्तुत प्रसंगाला अधिक नेमकी कसोटी महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेशांची आहे. कोणी म्हणेल, हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक संघाकडून. कोणी म्हणेल, बहुश्रुत थेरांकडून. कोणी म्हणेल, एका बहुश्रुत थेराकडून. त्या विधानाचे अभिनंदनही करू नये, धिक्कारही करू नये. ते सुत्ताशी ताडावे, विनयाशी ताडावे, जुळले तर घ्यावे, न जुळले तर सोडावे. पडद्यावरील प्रवचन हे बहुधा चौथ्या प्रकारात मोडते : एक बहुश्रुत थेर, आणि त्यांच्यामागे कोट्यवधींची दृष्टी.

अभिनंदन व धिक्कार यांच्या मधली ही जी विश्रांती आहे, तीच माध्यम हिरावून घेते. चित्र पाहताक्षणी ते आवडते किंवा चीड आणते, आणि पुढच्या क्षणी दुसरे चित्र येते. १९४३ साली पुण्यातील भाषणात बाबासाहेबांनी, एके काळी वृत्ती असलेली भारतातील पत्रकारिता व्यापार झाली आहे, अशी खंत व्यक्त केली होती. व्यापाराला ग्राहकाची घाई लागते. ताडून पाहण्याला उसंत लागते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रह्मदेशात पुन्हा लष्करी सत्ता आली, तीही म्यावडी वाहिनीवरून जाहीर झाली. त्या वर्षीच्या एप्रिलात सरकारी दूरचित्रवाणीने अटकेतील तरुणांचे मार खाल्लेले चेहरे दाखविले. बौद्ध-अबौद्ध हा भेद तेव्हा उरला नव्हता. ज्या यंत्राने शेजाऱ्याला अर्धा मनुष्य ठरविले होते, ते पाहणाऱ्याच्या घरापर्यंत आले.

तालपुटसुत्ताचा शेवट मात्र निराशेचा नाही. उत्तर ऐकून तालपुट रडू लागला. भगवंत म्हणाले, म्हणूनच मी तुला थांबवीत होतो. तालपुटाने सांगितले, की आपल्या बोलण्याने मी रडत नाही. पूर्वीच्या नटाचार्यांनी मला इतका दीर्घ काळ फसविले, याचे हे रडणे आहे. योद्ध्यांचा प्रमुखही याच कारणासाठी रडला. इतरांना धुंद करणारा स्वतः आधी फसलेला असतो, हे त्या दोघांच्या अश्रूंनी सांगितले. तालपुटाने पुढे प्रव्रज्या घेतली व तो अर्हत झाला. थेरगाथेत स्वतःच्या चित्ताला उद्देशून रचलेल्या त्याच्या पन्नासहून अधिक गाथा आहेत. लोकांच्या चित्ताशी खेळणारा मनुष्य अखेरीस स्वतःच्या चित्ताशी बोलू लागला. आपल्या हाती असलेल्या ग्रंथाची उरलेली पाने उघडून दाखविणे, हे त्या दिशेने टाकता येण्याजोगे पहिले पाऊल आहे, आणि ते अभ्यासकाचे कर्तव्य आहे.